दहा रेषांचा भुंगेरा

(एस. वाय. बी. ए., भूगोल)

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती झाली नसती तर थॉमस से हे नाव मला कधी कळले नसते. तेव्हा आधी चूक सांगते आणि मग त्या माणसाची हकीकत सांगते.

आमची दीड एकर जमीन. त्यात आप्पांनी अर्ध्या एकरावर वांगी लावली होती. वांग्याच्या वावराला लागून जो बांध आहे त्यावर गाजरगवत कमरेइतके वाढले होते. जुलैच्या अखेरीस एका रविवारी मी डबा घेऊन शेतावर गेले, तेव्हा त्या गवतावर पांढुरक्या अंगाचे, तपकिरी पट्ट्यांचे बारीक भुंगेरे दिसले. एकेका झाडावर दहा-दहा, पंधरा-पंधरा. पाने कुरतडून नुसत्या काड्या राहिल्या होत्या. आठच दिवसांपूर्वी आमच्या ग्रंथालयातल्या एका सचित्र इंग्रजी ज्ञानकोशात मी पट्ट्यापट्ट्यांच्या भुंगेऱ्याचे चित्र पाहिले होते. तो बटाट्याचा मोठा शत्रू आहे आणि वांग्यावरही पडतो, एवढे मला त्यातून समजले होते. मी आप्पांना तेच सांगितले. हा किडा ओळखला म्हणाले. आज बांधावर आहे, उद्या वांग्यात उतरेल म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आप्पा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. त्यामुळे माझ्या शब्दाला घरात नको इतके वजन आहे. आप्पांनी एकदा विचारले, की हे किडे तर दोन-तीन वर्षे पाहतो आहे, वांग्यावर कधी बसलेले दिसले नाहीत, मग आताच कसे उतरतील? मी पुस्तकाचा हवाला दिला. त्यांनी तालुक्याहून औषध आणले, शेजाऱ्यांचा पंप मागून घेतला आणि सगळा बांध फवारून काढला. भुंगेरे मेले. गाजरगवत मात्र पंधरा दिवसांत पुन्हा फुटून आले.

मेलेल्यांपैकी चार भुंगेरे काड्यापेटीत घालून मी मोठ्या ऐटीने कॉलेजात नेले. प्राणिशास्त्राच्या सरांनी भिंग लावून पाहिले आणि हसले. हा बटाट्याचा भुंगेरा नव्हेच, असे त्यांनी सांगितले. हा झायगोग्रामा बायकलराटा, म्हणजे मेक्सिकन भुंगेरा. गाजरगवत आपल्या देशात बाहेरून आले आणि १९५० च्या दशकात पुण्याकडे त्याची नोंद झाली. ते आटोक्यात यावे म्हणून त्याचा हा शत्रू मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८४ मध्ये बेंगळुरू येथे सोडण्यात आला. तेथून तो पसरत आमच्या बांधापर्यंत आला. वांग्याला तो तोंड लावीत नाही. बटाट्याचा भुंगेरा त्याचाच भाऊबंद, पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी या कुळातला. पण त्याने भारतात वस्ती केल्याची नोंद नाही. म्हणजे जो आमचे काम फुकट करीत होता, त्याला मी पैसे खर्चून मारायला लावले होते.

मला फार लाज वाटली. सरांनी ते ओळखले असावे. एखाद्या किड्याला ओळखायचे तर तो कसा दिसतो याबरोबर तो कोठे राहतो आणि काय खातो हेही पाहावे लागते, असे सांगून त्यांनी त्या दुसऱ्या, बटाट्याच्या भुंगेऱ्याला पहिल्यांदा शास्त्रीय नाव कोणी दिले ते वाचून पाहा म्हणून सुचविले. मी वाचत गेले. जे हाती आले ते येथे मांडते आहे.

थॉमस से याचा जन्म २७ जून १७८७ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी झाला. घर क्वेकर पंथाचे. वडील डॉक्टर होते, औषधांचा व्यवसायही करीत. घरची स्थिती चांगली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नाहीतर आपण प्रत्येक मोठ्या माणसाला झोपडीत जन्माला घालतो. आईच्या माहेरच्या नात्यात विल्यम बार्ट्रम हे नामांकित निसर्ग-अभ्यासक होते. लहानपणी थॉमस फुलपाखरे आणि भुंगेरे पकडून त्यांच्याकडे घेऊन जाई. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली ती सुटलीच. विद्यापीठाची पदवी त्याने कधी घेतली नाही. जो पुढे अमेरिकेच्या कीटकशास्त्राचा जनक म्हणून ओळखला गेला, त्याच्याजवळ बी. ए. चेही प्रमाणपत्र नव्हते!

वडिलांनी त्याला औषधविक्रीच्या धंद्यात घातले. भागीदार होता जॉन स्पीकमन. दोघेही भले, पण धंद्यात कच्चे. दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन राहिले आणि दुकान बुडाले. गावाकडे जामीन राहून बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. ती बहुधा पुन्हा उभी राहत नाहीत. थॉमसने पुन्हा दुकान मांडले नाही. १८१२ मध्ये फिलाडेल्फियातील काही मित्रांनी निसर्गविज्ञानाची एक अकादमी काढली होती. तिच्या संस्थापकांत त्याची गणना होते. दुकान गेल्यावर तो अकादमीच्याच इमारतीत राहू लागला. तेथे घोड्याचा एक सांगाडा मांडलेला होता, त्याच्याखाली तो अंथरूण घालीत असे आणि पाव-दुधावर दिवस काढीत असे, असे त्याच्याविषयी सांगतात.

त्या काळी अमेरिकेत सापडलेला किडा ओळखायचा तर तो जहाजाने युरोपात पाठवावा लागे. तेथले पंडित त्याला नाव देत, वर्णन छापीत आणि नमुना स्वतःच्या कपाटात ठेवून घेत. ज्या मातीत तो किडा जन्मला त्या मातीतल्या माणसांना त्याचे नाव परदेशी पुस्तकातून वाचावे लागे. थॉमसला हे खटकत असे. आपल्या भूमीतल्या जिवांची नोंद आपण केली पाहिजे, या जिद्दीने तो कामाला लागला. गव्हाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या हेसियन माशीचे शास्त्रीय वर्णन त्याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केले.

मग आला तो प्रवास, ज्यावाचून ही हकीकत घडलीच नसती. अमेरिकन सरकारने मेजर स्टीफन लाँग याच्या हाताखाली पश्चिमेकडे एक मोहीम काढली. थॉमस तिचा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याच्या मदतीला चित्रकार टिशियन पील होता. १८१९ च्या मे महिन्यात पिट्सबर्गहून ही मंडळी 'वेस्टर्न इंजिनिअर' नावाच्या आगबोटीतून निघाली. बोटीचे नाक सापाच्या फणीसारखे घडविलेले होते आणि त्याच्या तोंडातून वाफ बाहेर पडे. मिसुरी नदीतून वर जात जात आज जेथे ओमाहा शहर आहे त्याच्या जवळपास त्यांनी हिवाळ्यासाठी छावणी टाकली. आपल्या नकाशावर हा नेब्रास्काचा पूर्व किनारा. लाँग हिवाळ्यात परत गेला, पण थॉमस छावणीत राहिला. आसपासचे पशू, पक्षी, साप, किडे, शिंपले यांची तो नोंद करीत गेला. कोयोट या गवताळ मैदानातल्या लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन याच मुक्कामातले.

१८२० च्या जूनमध्ये मोहीम प्लॅट नदीच्या काठाने रॉकी पर्वताकडे निघाली. पर्वत पाहून झाल्यावर जुलैअखेर आर्कान्सा नदीवर तिचे दोन भाग झाले. थॉमस कॅप्टन बेल याच्या तुकडीबरोबर नदीच्या काठाने खाली उतरू लागला. ऊन, उपास आणि थकलेली घोडी. ऑगस्ट संपता संपता एका रात्री तीन शिपाई चांगली घोडी घेऊन पळून गेले. घोड्यांवरच्या पिशव्यांत थॉमसच्या वह्या होत्या. प्राण्यांच्या नोंदी, तिथल्या आदिवासी जमातींची माहिती, त्यांच्या भाषांचे शब्द, सारे गेले. त्या वह्या पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. शिपायांना त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. बहुधा कोठेतरी गवतात फेकून दिल्या असतील.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझी एक वही एस. टी. त राहिली तर मला दोन दिवस जेवण गेले नव्हते.

परंतु किड्यांचे काही नमुने वाचले होते आणि डोके शाबूत होते. फिलाडेल्फियाला परत आल्यावर थॉमस एकेक नमुना काढून, भिंगाखाली धरून, शब्दांत उतरवू लागला. १८२४ मध्ये अकादमीच्या नियतकालिकात या मोहिमेतल्या भुंगेऱ्यांची वर्णने छापून आली. त्यांतलाच एक आपला बटाट्याचा भुंगेरा. पिवळसर अंग, गळ्याशी काळे ठिपके आणि पाठीवरच्या दोन कठीण पंखांवर प्रत्येकी पाच, अशा दहा काळ्या रेषा. म्हणून त्याने नाव ठेवले डोरिफोरा डेसेमलिनिआटा, म्हणजे दहा रेषांचा. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे गण बदलून लेप्टिनोटार्सा केले. थॉमसने दिलेला 'दहा रेषांचा' हा शब्द मात्र दोनशे वर्षांनंतरही तसाच आहे.

रूपाबरोबरच त्याने ठिकाण लिहिले. हा भुंगेरा वरच्या मिसुरी नदीच्या भागात आढळतो, आणि त्याचा थोडा वेगळा प्रकार आर्कान्सा नदीवर मिळाला. शिवाय आपल्या आधी थॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञालाही तो मिसुरीवर मिळाला होता, ही नोंद करायला तो विसरला नाही. पहिला मान स्वतःकडे घेणे सहज शक्य होते, तरीही त्याने दुसऱ्याचे नाव लिहिले.

तेव्हा हा भुंगेरा कोणाच्याही खिजगणतीत नव्हता. बफेलो-बर नावाचे एक काटेरी रानझुडूप आहे, वांगी-बटाट्याच्याच कुळातले. त्याच्या पानांवर तो जगे. त्या बाजूला बटाटा कोणी लावीत नव्हते. गंमत अशी, की लाँगच्या मोहिमेने त्या साऱ्या गवताळ मुलखाला शेतीस अयोग्य ठरविले आणि नकाशावर तेथे वाळवंट असे लिहिले. भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून मला ही गोष्ट फार लागली. एकाच मोहिमेत एक माणूस हजारो चौरस मैलांवर एकच शब्द लिहून मोकळा झाला आणि तो चुकला. दुसऱ्याने नखाएवढ्या किड्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्या टिकल्या.

थॉमसचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. 'अमेरिकन एंटॉमॉलॉजी' हा त्याचा सचित्र ग्रंथ १८२४ ते १८२८ या काळात तीन खंडांत निघाला. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अमेरिकेतल्या एका डासाला, ॲनॉफिलीस क्वाड्रिमॅक्युलाटसला, त्यानेच १८२४ मध्ये नाव दिले. डासांमुळे हिवताप होतो हे तेव्हा जगात कोणाला ठाऊक नव्हते. फिलाडेल्फियात त्याचे बस्तान बसले असते. परंतु रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकाने इंडियाना राज्यात वॉबाश नदीकाठी न्यू हार्मनी येथे समतेची वसाहत मांडली होती. सर्वांनी मिळून कष्ट करावे, सर्वांच्या मुलांना शिक्षण मिळावे, असे ते स्वप्न. थॉमसचा मित्र आणि आश्रयदाता विल्यम मक्ल्यूअर या स्वप्नात सामील झाला आणि त्याच्याबरोबर थॉमसही. १८२५ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ, शिक्षक आणि चित्रकार यांनी भरलेली एक नाव ओहायो नदीतून निघाली. वाटेत ती बर्फात अडकून पडली. या नावेला लोक 'ज्ञानाने भरलेली नाव' म्हणू लागले.

न्यू हार्मनीत सर्वांना अंगमेहनत करावी लागे. लेखणी आणि टाचणी धरणाऱ्या थॉमसच्या हातांना घट्टे आणि फोड आले होते, असे तेथे येऊन गेलेल्या एका पाहुण्याने नमूद केले आहे. ओवेनचा प्रयोग १८२७ मध्ये मोडला. पुष्कळ जण निघून गेले. थॉमस राहिला. त्याच नावेतून आलेल्या लूसी सिस्टेअर हिच्याशी त्याने त्याच वर्षाच्या जानेवारीत लग्न केले होते. अमेरिकेतल्या शंख-शिंपल्यांवरचा त्याचा ग्रंथ न्यू हार्मनीतच छापला गेला. त्यातली बहुतेक चित्रे लूसीने काढली. १८४१ मध्ये अकादमीने तिला सभासद करून घेतले. त्या अकादमीची ती पहिली स्त्री सभासद.

थॉमसची प्रकृती मुळात नाजूक. आजारपणात १० ऑक्टोबर १८३४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. शहरातली मोठी ग्रंथालये आणि विद्वान मित्र यांच्यापासून शेकडो मैल दूर.

त्यानंतर जे झाले ते वह्या चोरीला जाण्याहून वाईट. लूसीने त्याचा कीटकसंग्रह फिलाडेल्फियाच्या अकादमीकडे पाठविला. तेथून तो तपासून नीट लावण्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील थॅडियस हॅरिस या अभ्यासकाकडे गेला. पेट्या उघडल्या तेव्हा बहुतेक नमुन्यांचा भुगा झालेला होता. वाळलेले कीटक खाणारे बारीक भुंगेरे आत शिरले होते. ज्याने आयुष्यभर किड्यांना नावे दिली, त्याचा संग्रह किड्यांनीच खाल्ला. नमुना गेला की शास्त्रज्ञाच्या हाती काय उरते? फक्त लिहिलेले शब्द. थॉमसचे शब्द असे नेमके होते की त्यांच्या आधारावर पुढच्या लोकांना त्याचे कितीतरी किडे पुन्हा ओळखता आले. जॉन लकाँट याने त्याचे कीटकांवरचे विखुरलेले सारे लेखन गोळा करून दोन खंडांत छापले. ते वर्ष होते १८५९.

आणि त्याच १८५९ साली ओमाहाच्या पश्चिमेला सुमारे शंभर मैलांवर बटाट्याच्या वावरांत पट्ट्यांचे भुंगेरे उतरले. वाळवंट म्हणून लिहिलेल्या मुलखात शेतकरी येऊन वसले होते, बटाटा लावू लागले होते. काटेरी झुडपावरच्या भुंगेऱ्याला त्याच कुळातले मऊ, रसाळ पान समोर मिळाले. वावरामागून वावरे काळी पडली. तेथून तो पूर्वेकडे निघाला आणि पंधरा वर्षांत, १८७४ पर्यंत, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याला पोचला.

हा कोण आणि आला कोठून? हा प्रश्न आता पोटाचा होता. अडचण अशी, की अमेरिकेच्या आग्नेय भागात दिसायला अगदी याच्यासारखा एक दुसरा भुंगेरा पूर्वीपासून होता. त्याला खोटा बटाटा-भुंगेरा म्हणतात. तो घोडकाटेरीसारख्या रानझुडपांवर राहतो आणि बटाट्याला फारसा त्रास देत नाही. दोघांत फरक तो केवढा! रेषांच्या कडेचे बारीक खड्डे एकात सरळ ओळीत असतात, दुसऱ्यात वेडेवाकडे; आणि खोट्याच्या मांडीवर एक काळा ठिपका असतो. कीटकशास्त्रज्ञांचीही सुरुवातीला गल्लत झाली. तेव्हा उपयोगी पडले ते १८२४ चे वर्णन आणि त्यातले ठिकाण. हा पूर्वेचा नव्हे, मिसुरीकडचा. म्हणजे तो पश्चिमेकडून येतो आहे आणि पुढेही येत राहणार, हे त्यामुळे कळले.

पुढची कथा मोठी आहे. त्याला मारण्यासाठी पॅरिस ग्रीन नावाचे सोमलयुक्त विष वावरांत पडू लागले. शेतीत मोठ्या प्रमाणावर कीटकनाशके वापरण्याची ही सुरुवात समजतात. १८७७ मध्ये तो जर्मनीत दिसला, १९२२ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ कायमचा रुजला आणि तेथून युरोपभर, आशियात चीनच्या पश्चिम भागापर्यंत गेला. पन्नासहून अधिक औषधांना तो दाद देत नाही. लोक त्याला कोलोरॅडो भुंगेरा म्हणतात, पण बटाट्यावर तो पहिल्यांदा पडला नेब्रास्कात आणि त्याचे मूळ घर मेक्सिकोत असे मानतात. लोकांनी दिलेल्या नावात ठिकाण आहे आणि ते चुकीचे आहे. थॉमसने नावात फक्त दहा रेषा ठेवल्या आणि ठिकाण वेगळे, जसे दिसले तसे लिहिले.

मी थॉमसची भक्त झाले आहे असे नाही. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. मी ज्या दिवशी चुकले त्या दिवशी माझ्याजवळ चित्र होते, नाव होते, पुस्तक होते, ठिकाण नव्हते. आप्पांजवळ नाव नव्हते, पण ठिकाण होते. किडा गवतावर राहतो, वांग्यावर बसत नाही, हे त्यांनी दोन-तीन वर्षे डोळ्यांनी पाहिले होते आणि मला विचारलेही होते. मी ते ऐकून घेतले नाही, कारण ते छापलेले नव्हते. थॉमस त्यांच्या जागी असता तर काय करता? मला वाटते, तो आप्पांच्या शेजारी बांधावर उकिडवा बसला असता आणि आधी वही उघडली असती. नटॉलचे नाव लिहिले तसे त्यांचेही लिहिले असते.

आप्पांना मी माझी चूक सांगितली. ते रागावले नाहीत. औषधाचे पैसे गेले ते गेले, असे म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. हे भुंगेरे दिवाळीनंतर दिसेनासे होतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधाच्या भुसभुशीत मातीतूनच वर येतात. नांगरताना त्यांना ते ढेकळांत सापडले आहेत. सरांना विचारले तर ते अगदी बरोबर निघाले. कोरड्या दिवसांत हा भुंगेरा मातीत निजून राहतो.

यंदा पहिला पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडला. नवव्या दिवशी बांधावर भुंगेरे दिसले. फवारलेल्या जागेपेक्षा पलीकडच्या टोकाला जास्त होते. मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले आहे: झायगोग्रामा बायकलराटा, गाजरगवतावर, आमच्या वांग्याच्या वावराचा उत्तरेकडचा बांध. खाली तारीख टाकली, आणि मातीतून वर येताना प्रथम कोणी पाहिले त्या जागी आप्पांचे नाव लिहिले.